पॅलेस थिएटरचा दाखला आणि साक्रीचे नाट्यगृह

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह मूळचे पॅलेस थिएटर. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली त्याचे काम काढले आणि १९१५ च्या ऑक्टोबरात ते प्रेक्षकांसाठी उघडले. त्याला लागूनच खासबागेचे कुस्ती मैदान आहे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली केलेल्या विलायतेच्या प्रवासात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले होते. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा दिसला पाहिजे, ही खासबागेच्या रचनेमागची दृष्टी तिथली. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नांदी, अशी शेजारशेजारची जागा महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणे कठीण.

हा दाखला धुळे जिल्ह्यात, विशेषतः साक्रीच्या संदर्भात दिला, की आक्षेप हमखास पुढे येतात. कोल्हापूर संस्थान होते, तिथे राजाला हौस होती; साक्री तालुक्याचे गाव आहे. आधी पाणी, रस्ते, शाळा, दवाखाना, नाटक मागाहून. खानदेशची कला उघड्यावरची, तिला चार भिंती कशाला? आणि बांधायचेच असेल तर बहुउद्देशीय सभागृह बांधा, लग्नेही होतील आणि नाटकेही होतील. यांतला एकही आक्षेप खोडसाळपणाचा नाही. गावाचे भले चिंतणारी माणसेच ते घेतात, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवे. मराठी नाट्यगृहांचा इतिहास तपासला तर हे चारही आक्षेप टिकत नाहीत.

राजाच्या हौसेचा मुद्दा आधी. ज्या राजाने पॅलेस थिएटर बांधले त्यानेच २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीत पन्नास टक्के जागा राखल्या. भोगावतीवर राधानगरीचे धरण त्याच राजाच्या कारकिर्दीत हाती घेतले गेले. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ साली आले, म्हणजे थिएटर उघडल्यावर दोनच वर्षांनी. धरण पुरे होईपर्यंत नाट्यगृह थांबले नाही आणि नाट्यगृहासाठी शाळाही अडली नाही. ‘आधी पाणी, मग नाटक’ ही क्रमवारी कोल्हापूरच्या कारभारात नव्हती. साक्री तालुक्यात अक्कलपाड्याचे धरण आहे, पिंपळनेरजवळ लाटीपाडा आहे, कान नदीवर मालनगाव आहे. पाण्याचे प्रश्न तरीही आहेत आणि पुढेही राहतील. ते पूर्ण संपण्याची वाट पाहायची ठरवली तर वाचनालयसुद्धा कधी बांधता येणार नाही. कोल्हापूर त्या काळी फार मोठे शहर होते हीही समजूत चुकीची आहे. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ५४ हजार होती. एकट्या साक्री तालुक्याची लोकसंख्या २०११ सालीच चार लाखांच्या पुढे गेली होती.

राजाश्रयाचे खरे बळ किती, हे सांगलीच्या उदाहरणावरून कळते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ सांगलीच्या दरबारात झाले; मराठी रंगभूमीचा आरंभ तिथून मोजतात. पाठीशी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. ते १८५१ साली वारले आणि दरबारचा आश्रय संपला. नाटक संपले नाही, कारण भाव्यांची मंडळी गावोगाव निघाली आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून उभी राहिली. हे नाट्यगृह १८४६ साली जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर उभे राहिले होते. राजा गेल्यावर मराठी नाटकाला तारून नेले ते तिकीट काढून आत येणाऱ्या माणसांनी, आणि त्यांना बसायला जागा देणाऱ्या इमारतीने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले, तेही असेच शहराच्या पेठेतल्या एका नाट्यगृहात.

स्वातंत्र्यानंतर तर राजे राहिलेच नाहीत. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेने बांधले. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झाली, पु. ल. देशपांडे यांनी कामात जातीने लक्ष घातले आणि २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते ते खुले झाले. बालगंधर्व तो दिवस पाहायला राहिले नव्हते. आदल्या वर्षीच्या जुलैत ते गेले. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ चे, तेही नगरपालिकेचे. योगायोग असा, की २६ जून हा शाहू महाराजांचाही जन्मदिवस. धुळ्याच्या नाट्यमंदिराला त्यांचेच नाव आहे आणि जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे, ज्यांचे बालपणीचे काही दिवस जळगावात मामांकडे गेले. खानदेशाने दोघांची नावे आपल्या रंगमंचांना दिली. नाट्यगृहाचे या भूमीला वावडे असते तर हे घडले नसते.

नाट्यगृहाने गावाला काय मिळते, हा हिशेब नाटकांच्या प्रयोगांपुरता मांडला की चुकतो. पॅलेस थिएटर ज्या दशकात उभे राहिले त्याच दशकात कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत होते. राजवाडा, अरण्य, रस्ता असे देखावे वीस-पंचवीस फुटी कापडावर उतरवण्याची त्यांची हातोटी नाटकात तयार झाली, आणि तोच माणूस पुढे चित्रपटाकडे वळला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. गंधर्व नाटक मंडळीत लहानपणी काम केलेले व्ही. शांताराम त्यांच्याकडे शिकले, आणि १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. हे सगळे एका इमारतीमुळे झाले असे म्हणणे खोटे ठरेल. पण सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाला, तबलजी, मेकअप करणारा असा कसबी माणसांचा गोतावळा नाटकाच्या आधाराने गावात टिकतो, आणि तो टिकण्यासाठी वर्षभर चालणारी एक जागा लागते. साक्रीत गणपतीच्या आराशीला, शाळांच्या संमेलनांना, लग्नाच्या स्टेजला असे कसब लागतेच. त्या कारागिरांना सांधणारी कायमची जागा मिळाली तर काय होऊ शकते, हे कोल्हापुरात दिसले आहे.

‘सिनेमा आला आणि नाटक मेले, आता तर मोबाइल आला,’ हे वाक्यही या वादात ऐकू येते. १९३१ च्या ‘आलम आरा’नंतर नाटक मंडळ्या कोसळल्या, हे खरे. मंडळ्यांची कर्जे, मंदी, बदललेली आवड अशी कारणे अनेक होती. त्यांतले एक कारण मात्र सांगायचे राहून जाते: नाटकांच्या जागांवर रुपेरी पडदे लागले. मालकाला रोज तीन खेळांचे भाडे मिळू लागल्यावर महिन्यातून चार दिवस येणाऱ्या नाटक कंपनीला तारीख देणे त्याला परवडेना. प्रेक्षक घरी परतला तो बऱ्याच अंशी दार बंद दिसल्यामुळे. १९४४ साली डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाचा नाट्यमहोत्सव उघड्या मांडवात झाला, तेव्हा लोक पुन्हा लोटले. संघ तेवढ्यावर थांबला नाही; १९६४ साली गिरगावात साहित्य संघ मंदिर बांधून पुरे झाले. मांडवातली गर्दी टिकवायची तर छप्पर लागते, हे त्या माणसांनी ओळखले होते.

आता खानदेशची कला उघड्यावरची, हा मुद्दा. यात अर्धे सत्य आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा आणि भिल्ल समाजात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. पावरीच्या सुरावर रात्र-रात्र फेर धरला जातो आणि शेवटी माणसे डोंगर चढतात. त्याची जागा अंगण आणि डोंगर हीच. तो उत्सव आहे, व्रत आहे, आणि त्याला उचलून रंगमंचावर दिव्यांखाली मांडणे त्याचा अपमान होईल. कानबाईच्या रात्री घराघरांत होणाऱ्या गाण्यांचेही तसेच. नाट्यगृहाची मागणी यांच्यासाठी नाही.

पण तमाशा उघड्यावरचा आहे, हे म्हणणे तमाशा जवळून न पाहिलेल्याचे आहे. तंबूचा फड गावात येतो तेव्हा ट्रकमधून काय उतरते ते पाहावे. लोखंडी खांब, दोरखंड, कनातींची गाठोडी, रंगमंचाच्या फळ्या आणि त्यांचे घोडे, दिव्यांच्या पेट्या, कर्णे, जनरेटर, कपड्यांच्या ट्रंका, तिकिटाची खिडकी. दुपारपर्यंत रिकाम्या वावरात चारी बाजूंनी बंद, एकच दार असलेली, तिकीट काढूनच आत जाता येईल अशी जागा उभी राहते. रंगमंच उंच, समोर सतरंज्या, मागच्या राहुटीत रंगायची खोली. हे नाट्यगृहच आहे. गावाने दिले नाही म्हणून फडाने पाठीवर घेतलेले नाट्यगृह. दसऱ्या-दिवाळीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फड ते ओझे रोज उचलतो आणि रोज उतरवतो. अवकाळी पावसाने एक रात्र गेली की त्या दिवसाचा खर्च अंगावर येतो. जिथे पक्की थिएटरे मिळाली तिथे तमाशा आनंदाने भिंतींच्या आत गेला: पुण्याचे आर्यभूषण, लालबागचे हनुमान थिएटर ही नावे तमाशाप्रेमींना सांगावी लागत नाहीत. खानदेशी वगाला, अहिराणी नाटकाला, वहीगायनाच्या मंडळांना छप्पर नको आहे, असे त्या कलावंतांना विचारून कोणी ठरवलेले नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि मृगानंतर पाऊस. खुला रंगमंच या हवेत वर्षाचे निम्मे महिनेच उपयोगी पडतो.

सगळ्यांत घातक मुद्दा बहुउद्देशीय सभागृहाचा. घातक अशासाठी, की तो शहाणपणाचा वाटतो, आणि एकदा असे सभागृह बांधले की पुढची तीस वर्षे ‘तुम्हाला हॉल दिला आहे’ हे उत्तर तयार असते.

तालुक्याच्या कोणत्याही गावातले मोठे मंगल कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. फरशी सपाट, चकचकीत. भिंतींना तैलरंग किंवा टाइल्स, वर पत्रा. एका टोकाला तीन-साडेतीन फुटी ओटा, त्यावर वधूवरांच्या खुर्च्या मावतील एवढीच खोली. ओट्याच्या दोन्ही बाजू भिंतीने बंद. अशा जागी नाटक लावले तर पाचव्या रांगेतल्या माणसाला पुढच्याचे डोके दिसते, नटाचे पाय कोणालाच दिसत नाहीत. बाजूला विंगा नाहीत, म्हणून पात्राला प्रेक्षकांच्या समोरूनच यावे आणि जावे लागते. पडदा ओढायला वर आधार नाही. दिवे टांगायला दांडी नाही, म्हणून ते बांबूवर बांधायचे. नट्यांनी कपडे बदलायचे ते स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत, जिथे आचाऱ्यांची ये-जा असते आणि कडी आतून लागेलच असे नाही. तालुक्यातल्या मुली नाटकात का येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी ती कोठी एकदा पाहावी.

आवाजाचे गणित याहून कडक आहे. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला एक नवे व्याख्यानगृह सुधारायला सांगण्यात आले. तिथे एकदा उच्चारलेला आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे आणि व्याख्यान कोणालाच कळत नसे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातून गाद्या आणून एकेक करून मांडल्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले, आणि जागेचे आकारमान व आतल्या वस्तूंची आवाज शोषण्याची शक्ती यांचा नियम बसवला. बोलके नाटक ऐकायचे तर आवाज सुमारे एका सेकंदात विरला पाहिजे. सनई-चौघडा, बँड आणि मंगलाष्टके यांना घुमणे चालते, शोभतेही. संवादाला चालत नाही. लग्नाचा हॉल आणि नाट्यगृह यांच्या गरजा इथेच फुटतात आणि ध्वनिक्षेपक वाढवून त्या जुळत नाहीत, कारण घुमणारा आवाज मोठा केला की घुमणेही मोठे होते.

अहिराणीचे नुकसान यात सर्वांत जास्त. अहिराणीत ‘मी जास’ म्हणजे मी जातो, आणि ‘मी जासू’ म्हणजे मी जाईन. निघालेला माणूस आणि निघणार असलेला माणूस यांतला फरक शेवटच्या एका उकारावर तोललेला आहे. ‘करस’, ‘येस’, ‘खास’ अशी क्रियापदे ‘स’वर संपतात, आणि घुमणाऱ्या खोलीत आधीच्या अक्षराच्या शेपटीखाली पहिल्यांदा गाडला जातो तो असा हलका व्यंजनध्वनीच. पत्र्याच्या हॉलमध्ये अहिराणी नाटक पडले तर दोष भाषेला दिला जातो, लेखकाला दिला जातो, प्रेक्षकाच्या अडाणीपणाला दिला जातो. छताकडे कोणी पाहत नाही.

शिवाय तारखांचा प्रश्न. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि नाटकाचा हंगामही तोच. बहुउद्देशीय सभागृह ज्याचे भाडे जास्त त्याचे होणार. ते लग्नाचेच असणार. नाट्यमंडळाला उरलेला मंगळवार मिळतो, तोही ऐनवेळी जातो. राज्य नाट्यस्पर्धेच्या जळगाव केंद्रावर नाटक न्यायचे तर दोन महिने रोज तालमीला जागा हवी, आणि निदान एक रंगीत तालीम खऱ्या रंगमंचावर हवी. ज्या गावाला ती मिळत नाही तिथली मंडळी स्पर्धेच्या दिवशीच पहिल्यांदा खऱ्या विंगेतून प्रवेश करतात. त्यांची पावले चुकतात ती प्रतिभा कमी म्हणून नव्हे.

या सगळ्यावर एक प्रामाणिक आणि जड आक्षेप उरतो, तो छबिलदासचा. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली. ना फिरता रंगमंच, ना मखमली पडदा; तरी मराठीतली कितीतरी धाडसी नाटके तिथे झाली. मग इमारतीचा आग्रह कशाला? याचे उत्तर छबिलदासच्या इतिहासातच आहे. ती जागा लहान होती, आणि नाटकाची म्हणून ओळखीची झाली होती. प्रेक्षकाला पत्ता पाठ होता. त्या नटांपैकी अनेकांनी मोठ्या रंगमंचांवर काम केलेले होते; शिवाजी मंदिर नाट्यगृह हाकेच्या अंतरावर होते, तिथले तंत्रज्ञ मदतीला येत. नाट्यगृहांनी भरलेल्या दादरमध्ये एक शाळेचे सभागृह पुरले, म्हणून जिथे काहीच नाही तिथेही पुरेल, हा निष्कर्ष निघत नाही. आणि पुढे शाळेची जागा मिळेनाशी झाली तेव्हा ती चळवळही त्या पत्त्यावरून उठली. दुसऱ्याच्या मर्जीवरची जागा किती काळ पुरते, याचाच तो दाखला आहे.

‘बांधले तरी रिकामे पडेल’ ही भीती बहुधा आकारामुळे येते. नाट्यगृह म्हटले की हजार खुर्च्यांचे, असे मनात बसले आहे. मुंबईचे पृथ्वी थिएटर १९७८ साली उघडले, त्यात जेमतेम दोनशे माणसे बसतात, तीन बाजूंनी रंगमंचाला वेढून, आणि देशातल्या सर्वांत जागत्या नाट्यगृहांत ते गणले जाते. नटाच्या चेहऱ्यावरचा भाव साधारण वीस मीटरपर्यंत उघड्या डोळ्यांना दिसतो; त्यापलीकडची खुर्ची नाटकाच्या कामाची नसते. साक्रीला तीनशे खुर्च्यांचे, उतरत्या रांगांचे, खोल रंगमंचाचे आणि दोन्ही बाजूंना मोकळ्या विंगा असलेले घर पुरे. शाळा-महाविद्यालयांची संमेलने, एकांकिका स्पर्धा, अहिराणी कविसंमेलने, भजनी मंडळे, तमाशा आणि महिन्यातून एखादे बाहेरचे नाटक एवढ्यावर अशा घराच्या तारखा भरतात. आज त्या नाटकासाठी धुळ्याचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता धरावा लागतो आणि रात्री परतीच्या गाडीच्या चिंतेने तिसरा अंक अर्धवट सोडावा लागतो. विजेच्या खर्चाची धास्ती या तालुक्याने तरी घेऊ नये: ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. छपरावर सौर पट्ट्या बसवणे इथे कोणाला नवे नाही.

बांधणे सोपे आणि राखणे अवघड, हा अखेरचा मुद्दा मात्र विरोधकांचा बरोबर आहे, आणि पॅलेस थिएटरनेच तो पटवून दिला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि शंभर वर्षांहून जुनी वास्तू काही तासांत आतून जळून गेली. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. कलावंत, तंत्रज्ञ, तिथे पहिले बक्षीस घेतलेली माणसे जळक्या लाकडांपुढे उभी राहून रडली, आणि मागणी एकच झाली: होते तसे पुन्हा बांधा. त्या जागी व्यापारी संकुल काढा, असे कोल्हापुरात कोणी म्हणाले नाही. लाकडी रंगमंच, कापडी पडदे, दिव्यांच्या तारांचे जंजाळ आणि बंद दारे हे कोणत्याही नाट्यगृहाचे जन्मजात धोके आहेत. त्यांवर उपाय ठरलेले आहेत: आग न धरणारे पडदे, रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये उतरणारा अग्निरोधक पडदा, वेगळी वीजवाहिनी, बाहेर उघडणारी दारे, दर वर्षी तपासणी. यासाठी इमारतीच्या खर्चाबरोबरच एका कायम तंत्रज्ञाचा पगार मंजूर व्हावा लागतो, ज्याला तारांची, दोरांची आणि दिव्यांची माहिती आहे आणि जो प्रयोग संपल्यावर शेवटचा दिवा स्वतः मालवून कुलूप लावतो. साक्रीच्या नगरपंचायतीपुढे नाट्यगृहाची मागणी जाईल तेव्हा त्या पदाची मागणी तिच्या पहिल्याच पानावर असली पाहिजे.